न वाचता दिलेला निकाल

मराठीत लोकप्रिय कादंबरीवर बोलायची वेळ आली की आरोपपत्र आधीच तयार असते. संमेलनातला परिसंवाद असो की महाविद्यालयातले चर्चासत्र, कलमे तीच. या लेखकांनी पुस्तकांचा रतीब घातला. इंग्रजी पुस्तकांवर डल्ला मारला. एकदा सापडलेला साचा जन्मभर वापरला. आणि हे सगळे करून मराठी वाचकाची अभिरुची बिघडवली. आरोपी म्हणून बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर, योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर ही नावे एका दमात घेतली जातात. रहस्यकथा, भयकथा, शृंगारिक कादंबरी, कौटुंबिक कादंबरी, सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभे केले जाते. यांतल्या कोणाची कोणती पुस्तके वाचलीत, असे वक्त्याला विचारायचे नसते. तो प्रश्न असभ्यपणाचा समजला जातो.

या लेखकांचे सरसकट वकीलपत्र मला घ्यायचे नाही. त्यांच्या पुष्कळ पुस्तकांत ढिसाळपणा आहे, काही तर एका बैठकीत लिहून दुसऱ्या बैठकीत छापखान्यात गेल्यासारखी वाटतात. माझी तक्रार वेगळी आहे. मराठी समीक्षेने या लेखनावर टीका कधी केलीच नाही. तिने नाक मुरडले आणि त्यालाच टीका म्हटले. टीका करायची तर आधी वाचावे लागते, एका पुस्तकाचा दुसऱ्याशी ताळा घ्यावा लागतो, जमलेले आणि फसलेले वेगळे काढावे लागते. काहींनी हे केले, नाही असे नाही. पण त्यांची गणना अपवादांतच राहिली.

आता एकेक कलम घेऊ.

पहिले संख्येचे. अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत, गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढे जातो. हा आकडा ऐकवला की पुढे काही बोलायची गरजच उरत नाही, असा वक्त्याचा आविर्भाव असतो. एवढे लिहिणारा माणूस लिहीत नाही, पाट्या टाकतो! पण हा न्याय लावायचा तर एक कादंबरी लिहून थांबलेला प्रत्येक जण थोर ठरेल. फ्रेंचांनी हा घोळ घातला नाही. जॉर्ज सिमेनॉंने स्वतःच्या नावाने दोनशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, टोपणनावांनी लिहिलेल्या आणखी निराळ्या. त्यांतल्या ७५ मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याच्या. २००३ साली, सिमेनॉंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गालिमार या प्रकाशनसंस्थेने आपल्या ‘प्लेयाद’ या मानाच्या मालेत त्याच्या निवडक कादंबऱ्या काढल्या. ‘निवडक’ म्हणजे कोणीतरी बसून निवडल्या होत्या. अर्नाळकरांच्या हजारांतल्या वीस चांगल्या कोणत्या, हे सांगायचे तर निदान शंभर तरी वाचाव्या लागतील. तेवढे कष्ट नकोत, म्हणून हजार हा आकडाच निकालपत्र म्हणून वाचून दाखवायचा.

शिवाय रतीब का घातला जात होता, हे कोणी विचारत नाही. या पुस्तकांचे खरे गिऱ्हाईक गल्लीबोळातली, भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये होती, आणि वाचनालयाच्या वर्गणीदाराला सतत नवे काहीतरी हवे असे. अनेक लेखक ठोक रक्कम घेऊन हस्तलिखित प्रकाशकाच्या हवाली करत. पुढच्या आवृत्त्यांशी त्यांचा संबंध उरत नसे. ज्याला जुन्या पुस्तकाचे पैसे मिळत नाहीत, त्याला नवे लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. पगारी प्राध्यापकाने दहा वर्षांत एक कादंबरी लिहावी आणि महिन्याच्या खर्चासाठी लिहिणाऱ्याला घाईबद्दल बोल लावावा, यात वाङ्मयीन निकष कमी आणि नोकरीची ऊब जास्त आहे.

दुसरे कलम उचलेगिरीचे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर उभी आहे, ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर. अर्नाळकरांच्या साहसी नायकांचे नातेवाईक इंग्रजी रहस्यकथांत सापडतात. मूळ लेखकाचे ऋण मान्य न करणे हा दोषच आहे, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण मग तराजू सगळ्यांना सारखा लावा. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला, तर त्याचे आपण कौतुकाने स्मरण करतो. ना. सी. फडके यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ मेरी कोरेलीच्या कादंबरीवर बेतलेली होती. म्हणून फडक्यांचे अवघे लेखन कोणी बाद ठरवले नाही. देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’ आहे, ‘संशयकल्लोळ’चे मूळ मोलिएरपर्यंत जाते. यावर उत्तर येईल की देवलांनी लपवाछपवी केली नाही. मान्य. पण ऋण कबूल केले की नाही हा एक हिशेब, आणि घेतलेल्या मालाचे काय केले हा दुसरा. पहिला हिशेब कोणीही कारकून मांडेल. दुसऱ्यासाठी समीक्षक लागतो, आणि तिथे तो गैरहजर असतो.

हा दुसरा हिशेब किती रंजक आहे ते पाहा. किंगची ‘ग्रॅमा’ नावाची कथा आहे. घरात एक मुलगा आणि मरणपंथाला लागलेली आजी, दोघेच. धारपांनी तिच्यावरून ‘आजी’ लिहिली. मराठी घरात आजी म्हणजे मऊ लुगडे, गोष्ट, देवापुढची साखर. आईने मारले की मूल जिच्या मागे लपते, तिच्याच खोलीत जायची भीती वाटणे ही मराठी मनाला बसणारी वेगळी चपराक आहे. कथानक उसने आहे, पण या भीतीचा पत्ता बदलला आहे. पुढे २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. मुसळधार पाऊस, पडका वाडा, जखमी भावाला घेऊन आई बाहेर पडलेली, आणि साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीपाशी एकटा राहिलेला लहानगा विनायक. धारपांच्या कथेतून निघालेला धागा इथे हाव आणि ब्राह्मणी वाड्यातल्या कुजकेपणाच्या गोष्टीला जोडला गेला. चित्रपटाचे नाव आले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. एका टोकाला किंग, दुसऱ्याला पेंडसे आणि मध्ये धारप! परंपरा अशीच वळणे घेत चालते. ‘धारपांनी चोरले’ एवढे म्हणून जो थांबला, त्याला यातले काहीच दिसले नाही.

‘लुचाई’लाही असेच प्रश्न विचारता येतात. किंगच्या छोट्या अमेरिकन गावात पिशाच्चाला अडवायला क्रूस पुरतो, कारण त्यामागे चर्च आहे, धर्मगुरू आहे, शतकांची श्रद्धा आहे. मराठी वाचकासाठी लिहिताना त्या क्रूसाची जागा कोणाला द्यायची? दैवताला, मंत्राला, की माणसाच्या निर्धाराला? रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतलेला, विज्ञानकथाही लिहिणारा लेखक या प्रश्नाशी कसा झुंजतो आणि कुठे हात टेकतो, हे तपासणे म्हणजे टीका. त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांत हेच उत्तर पुनःपुन्हा येऊन गुळगुळीत होते, असे कोणी पानांचे दाखले देऊन म्हटले तर मी मान डोलवीन. पण तसे म्हणायलाही वाचावे लागते.

तिसरे कलम साच्याचे. अर्नाळकरांचा नायक झुंझार जिंकणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असते. त्यांचा काळा पहाड सापडणार नाही हेही. मग वाचायचे कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याने कीर्तनाला जाऊन बसावे. पूर्वरंग, उत्तररंग ठरलेले. आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ. शेवटी देव भक्ताच्या हाकेला धावणार हेही माहीत. तरी एका बुवांना मांडव भरतो आणि दुसऱ्यांच्या वेळी लोक जांभया देतात. साचा दोघांचा एकच, फरक सांगण्यातला. लोकप्रिय कादंबरीचे सगळे शास्त्र या सांगण्यात आहे: माहिती किती द्यायची, कधी दडवायची, प्रकरण कुठे तोडायचे, वाचकाला नायकाच्या एक पाऊल पुढे ठेवायचे की मागे. हा विषय मराठीला परका नव्हता. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये कथानकाची गुंफण, उत्कंठा, निवेदन यांची खुल्या मनाने चर्चा केली होती. पुढे फडके मागे पडले आणि त्यांच्याबरोबर हे प्रश्नही. तंत्र हा शब्दच शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

शिरवळकर हे या बाबतीतले बोलके उदाहरण. मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक त्यांनी उभे केले, आणि त्यांच्या कथा लिहून हात तयार झालेल्या याच लेखकाने १९८२ साली ‘दुनियादारी’ दिली. तिच्यात खून नाही, तपास नाही. पुण्यातल्या महाविद्यालयाचा कट्टा, श्रेयस, दिग्या, शिरीन, दारूत बुडालेला एम. के. श्रोत्री, एवढाच ऐवज. तरी ती हातातून सुटत नाही, कारण संवादाने प्रसंग पुढे ढकलण्याची आणि योग्य जागी प्रकरण तोडण्याची रहस्यकथेतली शिस्त तिच्यात मुरलेली आहे. कट्ट्यावरच्या पोरांची बोली, त्यांची फुशारकी, मैत्रीच्या नावाखाली चालणारी दादागिरी हे कागदावर आणणे सोपे नव्हते. दोषही उघड आहेत. त्या जगातल्या मुली बहुतेक कट्ट्यावरून दिसतात तशाच दिसतात, कट्टा त्यांना कसा दिसतो याची लेखकाला फारशी उत्सुकता नाही. भावना उतू जायला लागल्या की लेखणीचा लगाम सुटतो. ‘दुनियादारी’चे हे मोजमाप कादंबरी आली तेव्हाच व्हायला हवे होते. शिरवळकर २००३ साली गेले. २०१३ साली संजय जाधव यांचा चित्रपट आला, २०२० साली ‘समांतर’वर वेबमालिका आली, आणि मग अनेकांना हा लेखक आठवला. पडद्यासाठी गोष्टी शोधणाऱ्यांनी पुस्तके चाळली होती. ज्यांचे कामच वाचायचे, त्यांना तेवढी सवड झाली नाही.

चौथे कलम अभिरुची बिघडवल्याचे. हे म्हणताना पुरावा द्यायची पद्धत नाही. पण तारखा तर पाहू. अर्नाळकर भरात होते, वाचनालयांतून रहस्यकथांच्या चळती हलत होत्या, काकोडकरांची पुस्तके कपाटात कोंबून वाचली जात होती, तीच वर्षे नवकथेची. १९६३ साली ‘कोसला’ आली. त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. साठच्या दशकात लघुअनियतकालिकांनी धुमाकूळ घातला. १९७२ साली ‘गोलपिठा’, १९७८ साली ‘बलुतं’. म्हणजे ज्या काळात वाचकाची अभिरुची म्हणे रसातळाला जात होती, त्याच काळात मराठी साहित्य आपल्या इतिहासातल्या मोठ्या उलथापालथींपैकी एक अनुभवत होते. झुंझार आणि ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर एकाच दशकात एकाच भाषेत सुखाने नांदले. उलट आज रहस्यकथांची ती वाचनालये उठून गेली आहेत. म्हणून गंभीर कादंबरीच्या आवृत्त्या भराभर खपू लागल्याचे ऐकिवात नाही.

मुळात लोकप्रियता हा गुन्हा आहे का, हेही आपले नक्की ठरलेले नाही. खांडेकरांची ‘ययाति’ घरोघर होती. तिला साहित्य अकादमी मिळाली, खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’लाही अकादमी मिळाली. ‘मृत्युंजय’ तर लग्नात आहेर म्हणून दिली जाते. खपाच्या बाबतीत ही पुस्तके कोणाला हार जाणारी नाहीत, आणि भावना उत्कट करण्याचे, नायकाला मखरात बसवण्याचे तंत्र त्यांनीही मनसोक्त वापरले आहे. फरक कुठे पडला? विषय इतिहास-पुराणाचा, बांधणी भक्कम, पुस्तक दिवाणखान्यात मांडण्याजोगे. रहस्यकथा मात्र हलक्या कागदावर, भडक मुखपृष्ठाची, कामावरून परतणाऱ्याच्या पिशवीतली. आपण पुस्तकाचा दर्जा ठरवतो आहोत की वाचकाचा, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. बायकांच्या कादंबऱ्यांबाबत तर तो दुप्पट टोचतो. कुमुदिनी रांगणेकर, शास्त्रीय गायिका असलेल्या योगिनी जोगळेकर, पेशाने डॉक्टर असलेल्या सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे यांना ‘दुपारच्या वाचनातल्या लेखिका’ या एका खणात कोंबले गेले. लग्न, सासर, नोकरी, पैसा, एकटेपण या गोष्टींवर हजारो मराठी बायका कशा विचार करत होत्या याचा एवढा मोठा दस्तऐवज कपाटांत पडून राहिला. आणि तो बाद होऊन रद्दीत गेला तेव्हा कोणाला हळहळही वाटली नाही.

बंगालीत हे चित्र वेगळे आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी व्योमकेश बक्षीच्या कथा लिहिल्या आणि ऐतिहासिक कादंबऱ्याही. त्यासाठी त्यांना दोन नावे घ्यावी लागली नाहीत. सत्यजित राय यांनी १९६७ साली व्योमकेशवर ‘चिडियाखाना’ काढला, आणि स्वतः फेलूदाच्या गोष्टी लिहिल्या. त्यामुळे बंगाली अभिरुची बुडाल्याचे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे गुप्तहेराला घरात घ्यायचे तर तो लहान मुलांचा असावा लागतो. फास्टर फेणेला तेवढे भाग्य लाभले.

आता एक खटला. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. शिक्षक असलेला कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, हा विषय. अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या कोर्टात लेखक सुटला, पण उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय पाहण्यासारखा आहे: कादंबरी उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, ती अपरिपक्व असेल, आक्षेप घेतलेले काही उतारे हीन अभिरुचीचे असतील, पण समग्र वाचली तर ती वाचकाला बिघडवणारी नाही. न्यायालयाने इथे तीन गोष्टी केल्या. पुस्तक पूर्ण वाचले. दर्जाचा प्रश्न आणि अपायाचा प्रश्न वेगळे केले. आणि जे आवडले नाही ते आवडले नाही असे म्हणूनही लेखकाला न्याय दिला. मराठी समीक्षेकडून काकोडकरांना कधी न मिळालेली वागणूक त्यांना दिल्लीच्या कोर्टात मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि देशभर गाजला. मर्ढेकरांवर ‘काही कविता’साठी झालेला खटला आपल्या वाङ्मयेतिहासात सन्मानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण लेखनस्वातंत्र्याची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन जिंकणाऱ्या काकोडकरांचा उल्लेख तिथे चुकूनच होतो. मर्ढेकर मोठे कवी आणि काकोडकर साधारण कादंबरीकार, हे मला मान्य आहे. पण हक्काची लढाई मोठ्यांनी लढली तरच मोजायची, असा नियम कुठे आहे?

इथे या लेखकांचे हितचिंतक पुढे सरसावतात. ते म्हणतात, काहीही म्हणा, या लोकांनी वाचनाची गोडी लावली. अर्नाळकरांपासून सुरुवात केलेले लोकच पुढे खांडेकरांकडे आणि मग नेमाड्यांकडे गेले. ऐकायला गोड वाटणारे हे समर्थन मला आरोपांपेक्षाही अपमानकारक वाटते. याचा अर्थ ही पुस्तके म्हणजे बालवर्ग, आणि त्यांचे मोल एवढेच की ती एक दिवस सुटतात. हजारो प्रौढ, कमावती, संसार सांभाळणारी माणसे आयुष्यभर हीच पुस्तके वाचत राहिली. ती कुठल्या पायरीवर अडकलेली नव्हती. त्यांना तिथे काहीतरी मिळत होते: कायदा हतबल असताना धनदांडग्याला धडा शिकवणारा झुंझार, किंवा उजेडातल्या, वीजपंखा फिरणाऱ्या घरातही दबा धरून बसलेले भय. ते नेमके काय होते, हे सांगणे समीक्षेचे काम होते. गोडी लावल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन पाठवणी करणे हा न वाचण्याचाच सुसंस्कृत मार्ग आहे.

‘सगळेच वाचायला वेळ कुठे आहे?’ हा शेवटचा आक्षेप. प्रश्न रास्त आहे. कोणा एकाने सगळे वाचावे असे कोणी म्हणत नाही. पण मराठीत एवढी विद्यापीठे आहेत, दरवर्षी प्रबंधांचे गठ्ठे जमा होतात, त्याच दहा-बारा लेखकांवर पुन्हापुन्हा लिहिले जाते. त्यांतल्या काहींनी अर्नाळकरांच्या पुस्तकांची नीट सूची करावी. काहींनी धारपांची रूपांतरे मूळ इंग्रजीशेजारी ठेवून वाचावीत. कोणी क्षेत्रमाडे आणि रांगणेकर यांच्या नायिकांचे अर्थकारण मांडावे, कोणी गुरुनाथ नाईकांच्या सैनिक नायकांत युद्धांचा काळ कसा उतरला ते शोधावे. असे वाचून झाल्यावर निष्कर्ष प्रतिकूल निघाला, यातले बहुतेक टाकाऊ ठरले, तरी माझी हरकत नाही. बहुतेक गंभीर साहित्यही टाकाऊच असते. ते फक्त जाड पुठ्ठ्यात टाकलेले असते. हरकत आहे ती पुस्तक न उघडता शिक्का मारण्याला. टाकाऊ म्हणायचे तर खुशाल म्हणा. पण कोणते पुस्तक, कोणते पान आणि का, ते सांगा.